आण्णांचं परमिट

“थाळी फिरत न्हाई,” आण्णा म्हणाले, आणि आपण काही बोललोच नाही अशा थाटात खिडकीबाहेर बघायला लागले.

मी जेवणाचा डबा ओट्यावर ठेवत होते. हात तसाच थांबला.

“कुठली थाळी?”

“त्या पेटीतली. काचेची.”

“कधीपासनं?”

“झालं असतील दोन-चार दिवस.”

आण्णांचे दोन-चार दिवस म्हणजे आठवडा धरायचा. मी मायक्रोवेव्हचं दार उघडून बघितलं. थाळी आपली जागेवर शहाण्यासारखी बसलेली.

“मग जेवण कसं गरम करत होता?”

“मधीच थांबवायचं, वाटी हातानं फिरवायची, परत लावायचं. त्यात काय हाय? परवा तेवढी जीभ पोळली. आमटी कडंला उकळती आन् मधी गारढोण.”

“आण्णा, मला सांगायचं नाही का?”

“सांगितलं की आत्ता.”

आत्ता का सांगितलं, ते मला न विचारताच कळलं. रविवार होता आणि दुपारी प्रताप येणार होता.

प्रताप माझा धाकटा भाऊ, पुण्यात नोकरीला. माझं सासर विट्यातच, आण्णांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. आई गेल्यापासून आण्णा एकटे राहत होते, आणि त्यांचं छान चाललं होतं. मग विसरायला लागले. आधी माणसांची नावं, मग बाजारातून काय आणायचं ते, आणि एका सकाळी दुधाचं पातेलं. दूध उतू जाऊन गॅस विझला आणि घरभर वास भरला. शेजारच्या कांताकाकूंच्या नाकाला तो लागला म्हणून निभावलं. आण्णा पुढच्या खोलीत पेपर वाचत बसले होते.

त्याच आठवड्यात प्रताप गाडी घेऊन आला. आण्णांना घेऊन जायचं आणि घराला कुलूप लावायचं, असं ठरवूनच आला होता. त्याचंही चुकत नव्हतं. रात्री फोन वाजला की तो दचकून उठून बसायचा, हे त्याच्या बायकोनं मला सांगितलं होतं. पण पुण्यात त्याच्या अकराव्या मजल्यावर, जिथं खाली वाकून बघितलं तर ओळखीचं एक कुत्रंही दिसायचं नाही, तिथं आण्णा किती दिवस टिकतील याची मला धास्ती होती. आणि खरं सांगायचं तर मला माझं माहेर हवं होतं. मी भांडले. शेवटी तोड निघाली. गॅसची शेगडी काढायची, त्या जागी मायक्रोवेव्ह ठेवायचा. दुपारचं मी गरम गरम पोचवणार, रात्रीचं त्यांनी त्यात गरम करून घ्यायचं.

“एक जरी तक्रार आली ना, ताई,” प्रताप जाताना म्हणाला होता, “तर मी काही ऐकणार नाही.”

त्या यंत्रासाठी मी काय काय केलं होतं! स्टीलची सगळी भांडी माळ्यावर टाकली, काचेच्या वाट्या आणल्या. कोणतं बटण दाबायचं ते कळावं म्हणून त्यावर माझी लाल टिकली चिकटवली. आणि महिनाभर रोज संध्याकाळी येऊन आण्णांकडून ते बटण दाबून घेतलं. शेवटी एकदाचं अंगवळणी पडलं.

“नवीन घेऊन येऊ का?” मी म्हणाले. “प्रतापला कळायच्या आत?”

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. “नव्याची बटणं निराळी असत्याल. ती आता मला न्हाई यायची, शालन.”

एवढं स्पष्ट ते स्वतःबद्दल कधी बोलत नसत. मी पदर खोचला आणि थाळी बाहेर काढली.

थाळीखालची तीन चाकांची कडी काढली. चाकांत वाळलेलं दूध अडकलं होतं. मला हायसं वाटलं, मी ती घासून लखलखीत केली, परत बसवली आणि पेलाभर पाणी ठेवून टिकलीचं बटण दाबलं. आत दिवा लागला, घुर्र आवाज सुरू झाला आणि थाळी ढिम्म.

“चाकाचा दोष न्हाई,” आण्णा मागून म्हणाले. “थाळी काढ. नुसतं मधलं बोंड बघ फिरतंय का.”

थाळीच्या मधोमध खालून एक तीन पाकळ्यांचं प्लास्टिकचं बोंड वर येतं, त्यावर थाळी बसते. मी दाराच्या जाळीतून डोळे बारीक करून बघितलं. बोंड जागचं हलत नव्हतं.

“उपटून बघ, झिजलंय का.”

“नाही, चांगलं आहे.”

“म्हंजे बोंडाखालची मोटर गेली.”

मी मिस्त्रीला फोन लावला. तो मंगळवारी येतो म्हणाला, आणि वर दम दिला, “वहिनी, झाकण उघडू नका हां. पिन काढली तरी आत करंट साठून राहतो. माणूस लांब फेकला जातो.”

मी ते आण्णांना सांगितलं. मला वाटलं, आता विषय संपला.

“खरं हाय त्याचं,” आण्णा म्हणाले. “पर ते वरच्या अंगाला. आपल्याला वर जायचंच न्हाई. मोटर बुडाच्या पत्र्याला असती. माझा मीटर कुठं हाय?”

आठच दिवसांपूर्वी याच माणसानं मला विचारलं होतं, तुझी आई बाजारातनं आली का अजून? तोच माणूस आता विजेच्या यंत्राला हात घालायला निघाला होता. पण ते उठले, ट्रंकेतून वीज तपासायचा मीटर काढला, त्याची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून काटा हलतो का ते बघितलं. हात थरथरत होते, पण काय करायचं ते हातांना ठाऊक होतं.

“गोधडी अंथर खाली. आन् आधी पिन.”

मी भिंतीतून वायरीची पिन काढली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं.

“परमिट माझ्याकडं,” ते म्हणाले.

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

आण्णा वीज खात्यात लाईनमन होते. खांबावर चढायच्या आधी लाईन बंद करून घ्यायची, त्याला ते परमिट घेणं म्हणत. ज्यानं परमिट घेतलं, त्यानंच काम संपल्यावर ते परत करायचं, मगच सबस्टेशनमधून लाईन चालू व्हायची. साहेबानंसुद्धा त्याच्या वतीनं परत करायचं नाही. आमच्या लहानपणी आण्णा शेजारच्या गिरणीतल्या फोनवरून ओरडून सांगायचे, “माणसं खाली, हत्यारं खाली, लाईन मोकळी!” मी आणि प्रताप खेळातसुद्धा तसंच ओरडायचो. मग एकदा त्यांचा जोडीदार बापू केंगार खांबावर असतानाच कुणीतरी घाईत त्याचं परमिट परत करून टाकलं. बापू जागीच गेला. आण्णांनी त्याला खांद्यावरून खाली आणलं. त्यानंतर आम्ही तो खेळ खेळलो तर आण्णा मारायला धावत.

मी मायक्रोवेव्ह उचलून गोधडीवर आडवा केला, दार आण्णांच्या बाजूला, बूड माझ्या बाजूला. बुडाच्या पत्र्यात एक छोटा चौकोन कापल्यासारखा दिसत होता, नुसता चार ठिकाणी चिकटलेला. आण्णांनी पत्र्याची कात्री दिली.

“तू काप. माझा हात ऱ्हात न्हाई.”

चौकोन निघाला आणि आत मोटर दिसली. एवढी चिंता जिच्यापायी, ती बुटाच्या पॉलिशच्या डबीएवढी. दोन वायरी चिमट्यांनी अडकवलेल्या, एक स्क्रू. मी वायरी ओढून काढल्या, स्क्रू काढला, मोटर आण्णांच्या हातात दिली. त्यांनी मीटरची टोकं तिच्या दोन पायांना लावली.

“बघ, काटा हललाय का?”

“नाही.”

“आतली तार तुटली. गेली ही.” ते भिंग लावून मोटरवरची बारीक अक्षरं वाचायला लागले. “दोनशे वीस व्होल्ट. ध्यानात ठेव, हिच्यासारखीच कमी व्होल्टाची पन मिळती. ती लावशील तर धूर निघंल.”

आता मोटर आणायला मला जायला हवं होतं. उघड्या यंत्राशेजारी आण्णांना एकटं सोडून. मी दारापर्यंत गेले आणि परत आले.

“आण्णा, पिन?”

त्यांनी खिशावर हात ठेवला. “परमिट खिशात हाय तवर ब्रह्मदेव आला तरी लाईन चालू व्हायची न्हाई. जा तू.”

इनामदारांचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान रविवारचं बंद होतं. मी मागच्या दारानं त्यांच्या घरात शिरले. ते जेवायला बसले होते, तरी हात धुऊन उठले. डब्यातून एक मोटर काढून दिली. मी उलटी करून वाचलं तर व्होल्ट कमी.

“भाऊजी, ही नको. दोनशे वीस.”

“कोण बसवतंय?”

“आण्णा.”

इनामदारांचे हात क्षणभर थांबले. गावात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. त्यांनी दुसरी मोटर दिली आणि म्हणाले, “जवळच बस हां त्यांच्या.”

मी जवळजवळ पळतच आले. गल्लीच्या तोंडाशी प्रतापची गाडी दिसते का बघितलं. नव्हती. घरात शिरले तर आण्णा स्टुलावर तसेच बसलेले, हात खिशावर. मी गेल्यापासून त्यांनी तो काढलाच नसावा. मला माझ्या संशयाची लाज वाटली.

“मिळाली?”

“मिळाली. दोनशे वीसच आहे.”

“शाब्बास. बसव.”

मी यंत्रामागं मांडी ठोकून बसले. मोटर जागेवर बसली, स्क्रू आवळला. वायरींचे चिमटे मात्र घट्ट होते, पहिला कसाबसा चढला, दुसरा चढेना. मी पक्कड बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांची बोटं आत घालून दाबायला लागले. आण्णा खिशातल्या पिनेची वायर सांभाळत शेजारच्या माठाकडं पाणी प्यायला गेले. पेला माठावर ठेवल्याचा आवाज आला. मग थोडा वेळ काहीच नाही.

मग भिंतीवरच्या बटणाचा खट्ट आवाज आला आणि माझ्या मांडीपुढचा मायक्रोवेव्ह टिंग करून जागा झाला.

माझी बोटं आत होती.

“आण्णा!”

मी हात असे खेचले की पत्र्यानं मनगट खरचटलं. यंत्रावरून वाकून बघितलं. आण्णा यंत्राच्या दारासमोर उकिडवे बसले होते. त्यांचं बोट टिकलीवर टेकलेलं होतं. दाबलेलं नव्हतं, नुसतं टेकलेलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि मला ती नजर आजही आठवते. मी तिथं कुठून उगवले, हे त्यांना कळत नव्हतं.

“तू कवा आलीस?”

“मी इथंच आहे, आण्णा. बोट काढा. बोट काढा आधी.”

त्यांनी बोट काढलं. मी उठून पिन उपटली.

“तू दुकानात गेलती न्हवं?”

“आले की. तुम्हीच शाब्बास म्हणालात.”

“आन् हात कुठं होता तुझा?”

मी पिनेची वायर गुंडाळायला लागले.

“शालन, हात कुठं होता?”

“आत.”

ते हळूच स्टुलावर बसले. खिसा चाचपला. बटण उघडं होतं. ते त्या रिकाम्या खिशात बोट घालून बसले.

“काही झालं नाही, आण्णा,” मी म्हणाले. “हे बघा, मी ठणठणीत आहे. विसरतं माणूस.”

“बापूच्या येळंला बी कुनीतरी आसंच इसरलं आसंल,” ते म्हणाले. मग म्हणाले, “पुरं कर काम. अर्धं सोडायचं नसतं.”

मी पिन त्यांच्यापुढं धरली. काय म्हणून धरली, कोण जाणे. त्यांचा मान राहावा असं वाटलं असेल. त्यांनी मान हलवली.

“न्हाई. तुझ्या कमरंला खोच.”

मी खोचली. दुसरा चिमटा चढवला. पत्र्याचा चौकोन उलटा फिरवून स्क्रूनं बसवला. मायक्रोवेव्ह उचलून जागेवर ठेवला. बोंड, कडी, थाळी. पेलाभर पाणी. मग कमरेची पिन काढून भिंतीत घातली आणि आण्णांना म्हणाले, “दाबा.”

“तू दाब.”

मी दाबलं. दिवा लागला आणि थाळी पेल्यासकट हळूहळू फिरायला लागली. जत्रेतला पाळणा फिरायला लागल्यावर व्हावा तसा मला आनंद झाला. मी टाळीसुद्धा वाजवली. आण्णा थाळीकडं बघत नव्हते. ते माझ्या खरचटलेल्या मनगटाकडं बघत होते.

बाहेर गाडीचं दार वाजलं.

मी झटक्यात पदरानं मनगट झाकलं. मनाशी ठरवून टाकलं, यातलं अक्षर काढायचं नाही. थाळी फिरतेय, घर जागेवर आहे, बाकीचं मी बघून घेईन. उद्यापासून सकाळ-संध्याकाळ मीच येईन. पोरांचं काय, सासूबाईंचं काय, ते नंतर बघू.

प्रताप आत आला, आण्णांच्या पाया पडला आणि सवयीनं घरभर नजर फिरवली. गोधडी, पक्कड, कात्री, मीटर, सगळं त्याच्या डोळ्यांत भरलं.

“हे काय?”

“मायक्रोवेव्हची मोटर गेली होती,” मी घाईनं म्हणाले. “आण्णांनी शोधून काढली आणि नवी बसवून घेतली. मिस्त्री मंगळवारी येणार होता, आम्ही कशाला थांबतोय!”

“आण्णांनी?”

“हो. मीटर लावून बघितली, व्होल्ट वाचले, सगळं. मी नुसती हाताखाली.”

प्रतापनं मायक्रोवेव्हमध्ये दूध ठेवलं. थाळी फिरताना तो वाकून बघत राहिला, अगदी लहानपणी आण्णांना खांबावर चढताना बघायचा तसा. दूध काढून त्यानं घोट घेतला आणि हसला. कित्येक महिन्यांत मी त्याला असा हसताना बघितला नव्हता.

“एकसारखं गरम झालंय,” तो म्हणाला. “मी उगाच धसका घेतला होता. आज गाडीत रिकामी बॅग घेऊन आलोय, आण्णा, तुमचे कपडे न्यायला. खोटं कशाला बोलू? पण तुम्ही हे करू शकताय, तर मी कोण सांगणारा? राहा तुम्ही इथंच. मी परत विषय काढणार नाही.”

जिंकलो! मी आण्णांकडं बघितलं. डोळ्यांनीच म्हटलं, बोलू नका, काही बोलू नका.

“चहा टाकते,” मी म्हणाले, आणि या घरात शेगडीच नाही हे बोलून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं.

आण्णा उठले. ओट्याजवळ गेले. भिंतीवरचं बटण बंद केलं, पिन काढली, आणि पिनेसकट वायर हातात धरून प्रतापसमोर उभे राहिले.

“परताप, आज मी लाईन चालू केली. माणूस लाईनीवर असताना.”

“म्हणजे?”

“काही नाही रे,” मी मध्ये पडले. “आण्णा, बसा ना तुम्ही. दमलेत ते.”

“तू गप,” आण्णा म्हणाले. आवाज चढवला नाही, पण मी गप्प झाले. “हिची बोटं आत हुती. परमिट माझ्या खिशात हुतं. मी पानी प्यालो आन् ही घरात हाय हेच माझ्या डोक्यातनं गेलं. टिकलीवर बोट ठेवलं हुतं मी. हिनं हाक मारली म्हनून ही हितं हुबी हाय.”

प्रताप माझ्याकडं वळला. मी पदर घट्ट धरला होता. त्यानं तो हळूच बाजूला केला आणि मनगट बघितलं. मला आण्णांचा भयंकर राग आला. मी एवढं सांभाळून धरलेलं त्यांनी स्वतःच्या हातानं सांडून टाकलं होतं.

“आण्णा, एकदाच झालंय,” मी रडत म्हणाले. “एकदाच! मी रोज येईन. दोन्ही वेळेला येईन.”

“म्हनूनच,” आण्णा म्हणाले. “रोज येशील आन् रोज तुझा हात आत आसंल.”

त्यांनी प्रतापचा हात धरला. त्या हातात पिन ठेवली आणि त्याची बोटं स्वतःच्या बोटांनी एकेक करून मिटवली.

“तू मागं न्यायला आलतास तवा मी हे परमिट दिलं न्हाई,” ते म्हणाले. “तुला मागायचा अधिकार न्हवता. ज्यानं घेतलं त्यानंच परत करायचं आसतं.”

मग ते ताठ उभे राहिले. गिरणीतल्या फोनवर उभे राहायचे तसे. बापू गेल्यापासून घरात कधीही न उच्चारलेले शब्द त्यांनी अगदी हळू आवाजात उच्चारले.

“माणसं खाली. हत्यारं खाली.”

पुढचं आठवेना म्हणून ते थांबले. माझ्याकडं बघितलं.

मला आठवत होतं. मला बोलायचं नव्हतं. पण ते वाट बघत होते.

“लाईन मोकळी,” मी म्हणाले.

“लाईन मोकळी,” आण्णा म्हणाले, आणि पुण्याला न्यायचे कपडे काढायला ट्रंकेकडं गेले.